तात्पर्यासाठी दोन गुण

अण्णा प्रेसमध्ये रात्रपाळीला.
रात्रभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या
आणि पहाटे फाटकात हात वर करून झडती द्यायची:
खिसे, डबा, टोपीची घडी.
झडतीत कधीच न सापडलेली एक वस्तू घेऊन
जेल रोडने सायकलवर घरी.

सात वाजता ते आडवे व्हायचे
आणि मी उठून बसायची.
एका वेणीला रिबीन, दुसरी मोकळी,
आतून आई ओरडतेय, दूध निवतंय,
आणि अण्णा डोळ्यांवर पंचा टाकून:
"रामकुंडावर एक कावळा होता.
रोज इतके पिंड, इतके पिंड,
की त्याला भूकच लागेना.
एकदा देवळ्याहून एक माणूस आला, पायी.
भाताची ऐपत नव्हती,
बापासाठी बाजरीचाच गोळा करून आणलेला.
कावळ्याने पाहिलं. मान वाकडी केली. आणि मग..."

मग घोरणं.

सगळ्या गोष्टी अशाच.
कोल्हा विहिरीच्या काठावर ओणवा,
सोनाराच्या हातात तराजू, पारडं हलतंय,
म्हातारीने दार उघडायला कडी धरलीय.
माझ्या डोक्यात एक अख्खं अंगण भरलं होतं
एक पाय उचलून थांबलेल्यांनी.

तिमाहीला निकुंभ बाईंचा प्रश्न:
ऐकलेली गोष्ट लिहा. शीर्षक द्या. तात्पर्य लिहा.
मी कावळ्याची लिहिली, होती तेवढी.
तात्पर्यापुढे लिहिलं, अण्णा झोपले.
दोन गुण गेले.
समासात लाल शाई: बोध काय?

ते लाल दोन शब्द घेऊन मी पुष्कळ वर्षं हिंडले.
शेवटी वाचनालयात, एका जाड कोशात,
ज्याच्या पाठीला कुणीतरी सदऱ्याचं कापड डकवलं होतं:
बोध. धातू बुध्. जागणे, जागे होणे.
शिकवण, उपदेश, हे सगळं मागाहून आलेलं.
आधी फक्त डोळे उघडणं.

आणि कथा?
तिच्या बुडाशी 'कथम्' बसलेलं.
म्हणजे, कसं?

जागं होऊन विचारलेलं 'कसं', एवढंच.
म्हणजे निकुंभ बाई,
माझं उत्तर निदान अर्धं तरी बरोबर होतं.
कोण झोपलं ते मी लिहिलं,
कोण जागं झालं ते लिहायचं राहिलं.
एक गुण द्यायला हरकत नव्हती.

तात्पर्यही पाहून घेतलं, आलेच होते तर.
तत्पर. 'त्या'कडे लागलेला.
'ते' काय, ते कोशात नव्हतं.

परवा अण्णांचा दहावा.
गंगेला पाणी कमी, पायऱ्यांवर शेवाळ,
पत्र्यावर कावळे ओळीने, पोटभरल्यासारखे.
ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं.
भाऊ म्हणाला, सोसायटीचं कर्ज मी फेडतो.
काका म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही.
मामींनी बारीक आवाजात विचारलं,
बाजरीचं काही करून आणायला हवं होतं का?
एक उतरला, तो शेजारच्यांच्या पानावर.
त्यांनी अजून काहीच कबूल केलं नव्हतं,
ते बिचारे ओशाळले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
माझ्याजवळ कबूल करण्यासारखं काही नव्हतं.
मी पानाशी वाकले आणि म्हटलं,
"अण्णा, आणि मग?"

पत्र्यावरच्या एकाने मान वाकडी केली.
ती मी ओळखली.
पुढचं मला दिसलं नाही,
माझे डोळे मिटलेले होते.
मागून कुणीतरी म्हणालं, शिवला, शिवला!

परतताना रिक्षात वाद पेटला,
कुणाच्या शब्दावर शिवला.
काकांचं एक, भावाचं दुसरं,
मामींना बाजरी सोडवेना.
द्वारकेच्या सिग्नलला भाऊ माझ्याकडे वळला,
तुला काय वाटतं?

मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला
आणि थोडं घोरले.